पाहिलं कुणी?

"पाहिलं कुणी?"

हे दोन शब्द ऐकले की अजूनही माझं टाळकं सरकतं. कुणी काहीही सांगितलं की हा माणूस कानावरची पेन्सिल काढायचा, टोक वर करून हवेत धरायचा आणि विचारायचा, "पाहिलं कुणी?" काल पोलादपूरला पाऊस झाला म्हणा, पाहिलं कुणी? पावणेदहाची एस.टी. गेली म्हणा, पाहिलं कुणी? एकदा मी सांगितलं की मला ताप आहे, उद्या येणार नाही. तेव्हाही पेन्सिल वर झाली. मी म्हटलं, "काका, ताप दिसत नसतो." तर म्हणाले, "थर्मामीटरात दिसतो, मॅडम."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. प्रत्येक आळीला एक असतो. लग्नाच्या पंगतीत उठून मुलीच्या बापाला आमटीत मीठ कमी आहे हे सांगून येतो, आणि आपण समाजसेवा केली असं समजून पुन्हा पानावर बसतो. लांबून बघायला ही माणसं गमतीची वाटतात. मी दीड वर्ष अशाच एकाबरोबर एकाच बाकावर बसून काम केलं, त्यामुळे गमतीचा भाग मला विचारू नका.

काम असं होतं. मोबाइल नुकताच आमच्याकडे घाट चढायला लागला होता, तेव्हाची गोष्ट. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं अभ्यास काढला होता. मोबाइल वापरल्यानं तरुण पोरांच्या मेंदूत गाठ होण्याचा धोका वाढतो का, हे शोधायचं होतं. त्यासाठी गाठ झालेली पोरं आणि त्याच भागातली, त्याच वयाची धडधाकट पोरं, अशा दोघांच्याही घरी जाऊन तेच प्रश्न विचारायचे. फोन घरात कधी आला, रोज किती बोलायचात, कुठल्या कानाला लावायचात. आजाऱ्याच्या घरी आणखी एक प्रश्न, पहिलं लक्षण कधी दिसलं. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांसाठी दोन माणसं नेमली होती. एक मी, बी. ए. झालेली, सव्वीस वर्षांची, आपण विज्ञानाची सेवा करतोय अशा तोऱ्यात खांद्याला पिशवी लटकवणारी. दुसरे हे.

हे म्हणजे निवृत्त आरोग्यसेवक. तीस वर्षं डोंगरातल्या वाड्या पायी तुडवलेला माणूस. ताप आलेल्याचं बोट टोचायचं, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या आणि येऊन गेल्याची तारीख दाराजवळच्या भिंतीवर पेन्सिलीनं लिहायची. रक्त घेतलं असेल तर तारखेभोवती गोल. लोक त्यांना मलेरियावाले म्हणत, मी काका म्हणायचे. सरकारी खात्यानं त्यांना निवृत्त केलं होतं, पण त्यांना ते कुणी नीट सांगितलेलं दिसत नव्हतं.

पॅन्ट घोट्याच्या चार बोटं वर. पायात कॅनव्हासचे बूट, मूळचा रंग त्यांनाच ठाऊक. ऐन वैशाखात हातात छत्री. डब्यात रोज चपाती आणि बटाट्याची भाजी, तीही ते भिंतीकडे तोंड करून खायचे, जणू आम्ही हिसकावून घेणार होतो. कुठल्याही घरी चहा घेत नसत. "नको. सवय लागते." स्वतः कुणाला चहा पाजल्याचं तर अख्ख्या महाडात ऐकिवात नव्हतं. मला अहो-जाहो करायचे, मॅडम म्हणायचे, आणि त्या मॅडममध्ये एवढा तुच्छपणा भरलेला असायचा की त्यापेक्षा 'ए पोरी' परवडलं असतं.

मलाही त्यांच्याबद्दल तुच्छताच वाटायची, उगाच खोटं कशाला बोलू? राग यायला माणूस जरा तरी मोठा वाटावा लागतो. हे मला पेन्सिलीच्या टोकाएवढे वाटायचे.

नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी माझ्या चुलतबहिणीचा फॉर्म भरला. धडधाकट पोरींमध्ये ती अगदी बसत होती. तिचा फोन कधी घेतला, ती कुणाशी किती बोलते, कुठल्या कानानं बोलते, हे तिच्यापेक्षा मला जास्त माहीत. मग घरी बसल्या बसल्या भरून टाकला. काकांनी फॉर्म वाचला. मागे वळवला. पुन्हा पुढे वळवला.

"माहिती कुणी दिली?"

"मीच. मला सगळं ठाऊक आहे तिचं."

"आणि घेतली कुणी?"

"मीच."

"देणारा आणि घेणारा एक असता कामा नये, मॅडम. पहिल्या पानावर नियम आहे. चौथा." असं म्हणून त्यांनी लाल पेन्सिलीनं फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'बाद'. त्या दिवशी मी घरी येऊन आईसमोर त्यांची नक्कल केली आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. पुढे ती नक्कल माझा हातखंडा झाली.

कानाच्या प्रश्नावर तर त्यांनी कहर केला. फॉर्मात साधा प्रश्न होता, फोन उजव्या कानाला लावता की डाव्या? पोरं सांगायची, आम्ही लिहायचं, विषय संपला. पण ह्यांचा सांगण्यावर विश्वासच नाही. ह्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता, म्हणून माझ्या फोनचा जीव घ्यायचे. मुलाखत संपली, पोरगं जरा सैल झालं, की मला डोळ्यांनी खूण. मी ओटीवरून खाली उतरून त्या पोराच्या नंबरावर फोन लावायचा. पोरगं फोन उचलून कानाला लावायचं आणि काका कान बघून घ्यायचे. कित्येक पोरांनी सांगितलेला कान वेगळा आणि लावलेला वेगळा निघाला. तेव्हा काका माझ्याकडे असे बघायचे, जणू पोरांना खोटा कान मीच शिकवला होता.

पोरंही काही कमी नव्हती म्हणा. औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेला एक जण छाती काढून म्हणाला, "रोज तीन तास तरी बोलतो." काकांनी विचारलं, "कुणाशी?" तो जरा लाजला. काकांनी त्याचा फोन मागून घेतला आणि केलेल्या फोनांची यादी मला वाचायला लावली. सगळे मिस्ड कॉल. समोरच्या पोरीनं एकदाही उचललेला नव्हता. काका गंभीरपणे म्हणाले, "लिहा, बोलणं नाही." ते पोरगं एवढंसं झालं.

हिरकणीवाडीत रायगड दाखवणारा एक पोरगा भेटला. कमरेला मोबाइलचं पाकीट, बोलता बोलता हात सारखा पाकिटाकडे. त्याच्या नंबरावर मी लावते लावते, लागतच नाही. शेवटी काकांनी पाकीट उघडायला लावलं. आत फोन होता, पण फोनात सिमकार्ड नव्हतं. पर्यटकांनी पाहावा म्हणून लटकवलेला.

"असूदे की वो," पोरगा म्हणाला. "फोन तर हाय ना?"

"वापर शून्य," काका म्हणाले, आणि छत्री टेकत चालू लागले.

शहाण्यांची तऱ्हा याहून वाईट. महाडात एका मास्तरांच्या घरी गेलो तर त्यांनी मुलाला बोलूच दिलं नाही. टेबलाच्या खणातून वर्तमानपत्राची कात्रणं काढली आणि अर्धा तास आम्हाला लहरी, किरणं, चिमण्या नाहीशा होणं, असं सगळं समजावून सांगितलं. मोबाइलनं मेंदू शिजतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. काका सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पाहिलं कुणी?" मास्तर भडकले. आम्हाला त्या घरातून जवळजवळ हाकलून दिलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, निदान मास्तरांचा तरी मान ठेवायचा." काका म्हणाले, "त्यांचा मान त्यांच्या खणात आहे, कात्रणांखाली." हा त्यांचा दीड वर्षातला एकमेव विनोद, आणि तोही त्यांनी विनोद म्हणून केला नसावा.

अशी आमची वरात चालली होती. आणि मग आंबेनळी घाटातल्या एका वाडीत आम्हाला वनिताचं घर सापडलं.

वनिता नव्हती. सतराव्या वर्षी गेली. मुंबईच्या इस्पितळात मेंदूतली डाव्या बाजूची गाठ काढली, त्यानंतर काही महिनेच जगली. गाठ झालेली पोरं आमच्या दोन तालुक्यांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं हे एक घर. घरात तिची आई एकटी होती. नवरा पूर्वीच वारलेला, मोठा मुलगा रमेश मुंबईत कामाला.

घाटात रेंज अशी कुठे नसायचीच. त्या घरात ती फक्त पडवीच्या एका कोपऱ्यात येत होती. तिथं भिंतीला खिळा ठोकलेला आणि खिळ्याला प्लास्टिकच्या पिशवीत फोन टांगलेला. बोलायचं तर त्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभं राहायचं, दोन पावलं सरकलं की आवाज गेला. उजवीकडे भिंत, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचा कान डावा. आमच्या फॉर्मात या तऱ्हेला जागा नव्हती. खिळ्याच्या भोवती भिंतीवर कोळशानं, पेन्सिलीनं फोन नंबर लिहिलेले. सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठा, रमेशचा.

"फोन शिमग्याला आनला रमेशनं," आई सांगू लागली. "हात वर धरून सगला घर फिरला, मंग हा कोपरा गावला. पोरगी नुसती नाचत व्हती. आन् पुढं म्हैन्याभरात तिचा डोका दुखाया लागला. उलट्या. मंग डोळ्याला दोन-दोन दिसाया लागला."

"त्याच्या आधी काही?" काकांनी विचारलं.

"आधी काय बी नाय. आधी चांगली व्हती गो माजी पोर." हे ती मला म्हणाली.

मी भराभर लिहीत होते. फोन शिमग्याला, लक्षण महिन्याभरानं, गाठ डाव्या बाजूला, कान डावा. सगळं कसं जागच्या जागी बसत होतं. दीड वर्षात असा फॉर्म झाला नव्हता.

"रमेश काय म्हणतो?" मी विचारलं. हा प्रश्न फॉर्मात नव्हता.

"तो कशाला काय बोलतोय! दोन शिमगं झालं, घरी आला नाय. गनपतीला नाय. मी फोन लावते तर माजा नंबर बघून उचलीत नाय. त्याला तिकडं कोनी सांगला, फोनानं पोरांच्या डोक्यात गाठ व्हते. शेवटचा आला तवा ह्या उंबऱ्यावर बसून बोलला, आये, मीच मारली तिला." तिनं पदरानं नाक पुसलं. "पोरगी गेली ती गेली. हा जिता असून गेला."

फोन मात्र ती रोज चार्ज करून टांगत होती. वाजला तर म्हणून.

मी काकांकडे पाहिलं. ते आमच्याकडे बघतच नव्हते. खिळ्यापाशी जाऊन, चष्मा कपाळावर चढवून, भिंतीला नाक लावून उभे होते. रमेशच्या मोठमोठ्या आकड्यांखाली पेन्सिलीच्या पुसट तारखांची रांग होती. तीन तारखांभोवती गोल होते. अक्षर मुंगीएवढं.

मला वाटलं, जुनी सही सापडली म्हणून म्हातारा हरखलाय. मनात म्हटलं, बाईचं घर बसलंय आणि ह्यांना स्वतःच्या हस्ताक्षराचं कौतुक.

दुसऱ्या दिवशी कामावर आले नाहीत. दीड वर्षात पहिली दांडी. तिसऱ्या दिवशी आले ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही घेऊन. सरकारी नोंदी सरकारजमा केल्या तरी ह्या माणसानं तीस वर्षं स्वतःच्या वेगळ्या वह्या ठेवल्या होत्या, त्यावरूनही आम्ही हसत असू.

"त्या घरी परत जायचंय," ते म्हणाले. "फॉर्म चुकलाय."

"कुठे चुकलाय?" मी उसळले. "सगळे रकाने भरलेत. इतकी चांगली केस दुसरी नाही आपल्याकडे."

चांगली केस. सतरा वर्षांच्या मेलेल्या पोरीला मी चांगली केस म्हणाले होते. काकांना मी दीड वर्ष तुच्छ लेखलं असेल, पण त्या वाक्याचा मान माझ्याकडेच राहील.

"पहिलं लक्षण पाहिलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"आईनं."

त्यांनी वही उघडून माझ्यापुढे सरकवली. तीन पानांत खुणेला दोऱ्याचे तुकडे घातलेले. पहिली नोंद दिवाळीच्या आधीची. 'वनिता, डोकं दुखतं, सकाळी उलटी. ताप नाही. रक्त घेतलं. गोळ्या ४.' दुसरी दत्तजयंतीच्या सुमाराची, तीच. तिसरी माघातली. 'डोकं, सकाळी उलटी. ताप नाही. रक्त घेतलं. पित्त असावे. उपाशी राहू नये असे आईस सांगितले.'

फोन आला तो त्यानंतरच्या शिमग्याला.

"ताप नव्हता तर रक्त कशाला घेतलंत?" मला एवढंच सुचलं.

"महिन्याच्या काचा भरायच्या असायच्या. वरून विचारायचे, किती झाल्या." वही मिटून त्यांनी पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. "आई खोटं नाही बोलली. मी पित्त म्हटलं, म्हणून तिनं ते आजारात धरलंच नाही."

मी म्हटलं, "काका, जाऊ दे ना आता. कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते अजून लक्षात आहे. पेन्सिल वर केली नाही. छत्री घेतली आणि स्टँडकडे चालायला लागले. मी निमूट मागे.

वाडीत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. वनिताची आई भात पाखडत होती. काकांनी पडवीत उभं राहूनच सांगितलं, "रमेशला फोन लावायचाय. तुमचा उचलत नाही, ह्यांच्या फोनवरून लावतो." भिंतीवरचा नंबर त्यांनी एकेक आकडा वाचला, मी माझ्या फोनवर दाबला. दोन तालुक्यांतल्या पोरांचे कान तपासत फिरलेल्या या माणसानं फोन हातात घेतला तो उलटा. मी सुलटा करून दिला. मग कोपऱ्यात भिंतीला चिकटून, पत्र्याच्या शाळेत कविता म्हणतात तसे ते ओरडून बोलू लागले.

"रमेश का? मी मलेरियावाला. तुमच्या घरातून बोलतोय. घरी सगळं ठीक आहे, ठेवू नका. माझं पुरतं ऐका आणि मग काय द्यायच्या त्या शिव्या द्या."

आणि त्यांनी वही वाचली. तारीख, नाव, वय, डोकं, उलटी, ताप नाही. तिन्ही नोंदी, गोळ्यांच्या आकड्यासकट. आईनं सूप खाली ठेवलं.

"फोन तुम्ही आणलात शिमग्याला. हे तिन्ही त्याच्या आधीचं. फोननं गाठ होते की नाही हे मला ठाऊक नाही, ते शोधणारे शोधतील. पण तुमच्या बहिणीचं दुखणं तुमच्या फोनच्या आधी घरात होतं. पाहिलं कुणी म्हणाल, तर मी पाहिलं. तीन वेळा."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. काका बराच वेळ नुसते ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "हो." मग पुन्हा, "हो." आणि एकदा, अगदी हळू, "वाचली असती का, ते नाही सांगता येत. पण पाठवायला हवं होतं. मी नाही पाठवलं."

त्यांनी फोन आईपुढे धरला. तिनं तो लगेच घेतला नाही.

"म्हंजे तुमाला ठावं व्हता?"

"ठाऊक नव्हतं, बाई," काका म्हणाले. "नुसतं पाहिलं होतं."

"तुमी बोललात पित्त हाय. मी तिला लिंबू-साखर देत बसली."

"हो."

तिनं त्यांच्या हातातून फोन ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. "रमेश," ती म्हणाली, "बाबू रे." आणि तिला रडू फुटलं. फोन डाव्या कानाला दाबून ती तशीच उभी राहिली. पलीकडे तोही रडत असावा, कारण बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.

आम्ही अंगणात जाऊन उभे राहिलो. काही वेळानं तिनं बाहेर येऊन फोन माझ्या हातात दिला, काकांकडे पाहिलं नाही, आणि पुन्हा सूप घेऊन बसली. त्या डोंगरात तुम्ही वैऱ्याच्या घरी गेलात तरी चहा विचारतात. काकांनी तीस वर्षं प्रत्येक घरात 'नको' म्हटलं होतं. त्या दिवशी कुणी विचारलंच नाही. तरी ते जरा वेळ तिथेच छत्रीवर रेलून उभे राहिले, मग म्हणाले, "चला, मॅडम."

महाडला आल्यावर त्यांनी वनिताचा फॉर्म काढला. पहिल्या लक्षणाची तारीख खोडून दिवाळीआधीची घातली. 'कुणी पाहिले' या रकान्यात लिहिलं, 'मी.' मग लाल पेन्सिल घेतली आणि आडवी रेघ मारली.

"हे काय?" मी ओरडलेच. "अख्ख्या गठ्ठ्यात हा एकच फॉर्म पुराव्यासकट खरा आहे!"

"देणारा आणि घेणारा एक झाला. नियम तुमच्या बहिणीला होता, मग मलाही आहे."

'बाद', मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणजे ज्या अभ्यासासाठी एवढी पायपीट केली त्यात वनिता मोजली गेलीच नाही. मला तेव्हा वाटलं, याला म्हणतात मूर्खपणा. आजही निम्मं तसंच वाटतं. महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. कारण विचारलं तर मुंबईच्या संस्थेतल्या बाईंना म्हणाले, "नजर अधू झालीय." बाईंनी विश्वास ठेवला. मी नाही ठेवला, पण पाहिलं कुणी, असं मला त्यांना विचारता आलं नाही.

पुढच्या शिमग्याला घाटात दुसऱ्या एका घरी काम होतं. येताना वाट वाकडी करून त्या घरी गेले. भिंती नुकत्याच चुन्यानं पांढऱ्या केलेल्या, नंबर गेले, तारखाही गेल्या, खिळा आणि फोन तेवढे होते. दुपारची वेळ. पडवीत आई आणि एक काळासावळा, दाढी वाढलेला तरुण शेजारी शेजारी जेवत होते. रमेश. त्यानं पाट पुढे सरकवला. आईनं मला जेव म्हटलं, मी नको म्हटलं, मग जबरदस्तीनं चहा टाकला.

निघताना ती अंगणापर्यंत आली. "तो मलेरियावाला भेटतो काय गो तुला?"

"भेटतील की."

"त्याला सांग, आमी रोज शिव्या घालतो त्याला. मी घालते, रमेश बी घालतो. दोघं बसून घालतो."

महाडला उतरले ती घरी न जाता काकांकडे गेले. दीड वर्षात मी त्यांचं घर पाहिलं नव्हतं. एक खोली, बायको कधीच गेलेली, मुलगी लांब दिलेली, भिंतीला लागून वह्यांची चळत. खिडकीजवळ बसून ते बटाटे सोलत होते. मला पाहून त्यांना आनंद झाला असं म्हणवत नाही. मी उभ्यानंच निरोप सांगितला, त्याच शब्दांत, एकही न गाळता. शिव्यांसकट.

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"दोघं?"

"दोघं."

"एका जागी बसून?"

"हो."

कानावरची पेन्सिल वर झाली. आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. "पाहिलं कुणी?"

"मी पाहिलं, काका. शेजारी शेजारी बसून जेवत होते."

"काय जेवत होते?"

"तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मायलेकांना एकच कांदा. रमेशनं बुक्कीनं फोडला, मोठा तुकडा आईला दिला."

चळतीतली सगळ्यांत वरची वही त्यांनी घेतली, हात पुसले, आणि हे सगळं लिहून काढलं. कांदाही लिहिला. शेवटी तारीख घातली. तारखेभोवती गोल काढला नाही. मग वही मिटून, माझ्याकडे न बघताच म्हणाले, "चहा घेतेस?"

त्या पावसाळ्यात काका गेले. मला चार दिवसांनी कळलं. मुलगी येऊन खोली रिकामी करून गेली होती, वह्या बहुधा रद्दीत गेल्या, मी त्या मागायलाही गेले नाही. त्यांची नक्कल मी अजून करते, लोक अजून हसतात. पण त्या संध्याकाळी त्यांनी केलेल्या चहाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. साखर विसरले होते, दूध नासकं होतं, आणि चोथा गाळायचा असतो हे त्यांना बहुतेक ठाऊकच नव्हतं. इतका भिकार चहा मी आयुष्यात प्यायले नाही. सगळा प्यायले.